गारांचा आठवडा

शाळेशेजारच्या वावरात ठकूबाईची मेंढरं बसली होती. मुख्याध्यापिका शमीम इनामदार यांनी तिला मोबाईलवरचा आठवड्याचा हवामान अंदाज वाचून दाखवला. मंगळवारपासून दुपारी गारपिटीची शक्यता होती.

"आभाळ तर लख्ख हाय, मॅडम."

"असू दे. शाळा सकाळची आहे, दुपारी वर्ग रिकामेच असतात. मेंढरं आत आणा."

मंगळवारी मेंढरं वर्गांत आली आणि बाहेर नुसतं ऊन तापलं. संध्याकाळी मॅडमनी पदर खोचून लेंड्या झाडल्या, फरशी धुतली. बुधवारीही तेच झालं. चहाच्या टपरीवर सरपंच म्हणाले, "मॅडम आता मेंढरांचीबी हजेरी घेणार!" सगळे खो खो हसले.

गुरुवारी ठकूबाईलाच लाज वाटली. तिने मेंढरं वावरातच ठेवली. तेव्हा मॅडम स्वतः आल्या आणि तिच्यासोबत कळप हाकू लागल्या.

तासाभरात आभाळ काळवंडलं. लिंबाएवढ्या गारांनी पत्रे दणाणले. वावरातल्या ठकूबाईच्या पालाच्या चिंध्या झाल्या. वर्गात मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. एकही कोकरू दगावलं नाही.

गारा थांबल्यावर ठकूबाई पाया पडायला वाकली. मॅडमनी तिला वरच्यावर धरलं.

"मॅडम, आजबी काईच पडलं नसतं तर वो? गाव किती हसलं असतं तुमाला!"

"हसलं असतं," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्या मी परत तुम्हाला बोलवायला आले असते."