घरचा पत्ता

ऑफिसचा नवा सर्व्हर प्रितमने एकट्याने उभा केला, सगळा फुकटच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर. घरून काम करणाऱ्या कुणालाही आता फाईल कॉपी करता येईना की प्रिंट काढता येईना. ऑफिसची माहिती बाहेर फुटायची भीती संपली, म्हणून मालक जाम खूश.

त्याच ऑफिसात काम करणारी त्याची बायको दर्शना गालावरचा वळ घेऊन कोपरच्या घरून टेंभी नाक्याला माहेरी आली, आणि तिचं लॉगिनच होईना.

"सर्व्हर फक्त आपापल्या घरचं इंटरनेट ओळखतो. सगळ्यांना तोच नियम आहे," प्रितम फोनवर शांतपणे म्हणाला. "मी तरी काय करू?"

नोकरी जायच्या धास्तीने तिसऱ्या दिवशी ती मुकाट परतली. प्रितमने हसून दार उघडलं. लॉगिन झालं तोच ऑफिसातल्या शिवानीचा फोन आला.

"आलीस बाई एकदाची. मी चिपळूणला गावी आलेय, तर तीन दिवस इथूनच लॉगिन करून तुझंही काम ओढतेय."