बंद शटर
आईच्या डाव्या चपलेची टाच बाहेरच्या कडेला झिजली होती. उजवी जवळजवळ नवी होती. सणाच्या गर्दीमुळे मुलुंडच्या बाजाररस्त्यावर गाड्या बंद होत्या, म्हणून रिक्षा नाक्यावरच सोडली. आई दर चार दुकानांनंतर थांबून काचेतून आत बघत राहायची. आधी भांडी, मग नवरदेवांच्या शेरवान्या. "शेरवानी कोणाला घेतेस?" मी विचारलं. "बघायला काय जातंय गो?" गुडघ्याचं ऑपरेशन ती दोन वर्षं टाळत होती, विषय काढला की म्हणायची, "मला कुठे दुखतंय?" मीही सांगून दमले होते. पुढे ती पुन्हा थांबली, तेव्हा मी वळून बघितलं. त्या दुकानाचं शटर खाली होतं. "आई, इथे काय बघतेस?" ती शटरला हात टेकत सावकाश पायरीवर बसली, डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "निशा, ऑपरेशनची तारीख घे."