अण्णांचं वायरिंग

चौकात शिरता शिरता गाडी पुन्हा मेली.

मागून हॉर्न वाजायला लागले. "बघ! पेट्रोलमध्ये कचरा आहे म्हणून मी कधीचा ओरडतोय," शेजारच्या सीटवरून अण्णा लेकीला म्हणाले. टाकी धुऊन झाली होती, फिल्टर बदलला होता, बॅटरी नवी आणली होती. पण कचऱ्यावरचा त्यांचा विश्वास काही उडत नव्हता.

मागच्या सीटवर मेकॅनिक आडवा झाला होता. पेट्रोलचा पंप त्या सीटखालीच, म्हणून गॅरेजपासून तो सीटला कान लावून आला होता.

"कचरा नाही, अण्णा. पंपाची घरघर चालू होती, ती एकदम तुटली. पेट्रोल भरपूर आहे, पंपाला करंट मिळत नाही. म्हणजे वायरिंग."

"वायरिंग माझं आहे," अण्णा म्हणाले. विषय संपला.

जन्मभर कारखान्यात वायरमन म्हणून राबलेला माणूस. लेकीचे पाय चालत नव्हते, म्हणून त्यांनीच स्टिअरिंगजवळ हाताचा दांडा बसवून घेतला होता. ओढला की गाडी पळते, ढकलला की थांबते. दांड्याला जागा हवी म्हणून पंपाची जुनी वायर काढली आणि नवी स्वतः टाकली. त्यात खोट काढणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडणं.

लेकीनं चावी फिरवली. गाडी सुरू झाली, जसं काही घडलंच नाही.

हेच तर दुखणं होतं. मेकॅनिकनं एकट्यानं फिरवली की गाडी गरीब गाय. हे बापलेक बसले की मात्र चौकात, वळणावर, नेमकी नको तिथे रुसायची. उद्या लेकीच्या नोकरीचा पहिला दिवस होता. ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि बसच्या पायऱ्या तिच्यासाठी डोंगराएवढ्या. आज दोष सापडला नाही तर नोकरीला नकार कळवते, असं तिनं सकाळीच सांगितलं होतं. अण्णांनी लगेच तोडगा काढला होता: "मी येत जाईन की रोज शेजारी बसून. बंद पडली तर ढकलायला माणूस नको?" एकटीनं जायचं होतं तिला, आणि ते अण्णांना पक्कं ठाऊक होतं.

"पुन्हा एक फेरी मारते," ती म्हणाली.

बाजाराचा रस्ता नीट पार पडला. शाळेची भिंत संपली आणि बोळातून एक सायकल सुळकन बाहेर आली.

"अगं, हळू! सायकल!"

तिनं दांडा ढकलायच्या आतच इंजिन गप्प झालं. गाडी घरंगळत कडेला येऊन थांबली.

"तुटली घरघर," मागून मेकॅनिक म्हणाला.

लेक अण्णांच्या पायाकडे बघत होती. उजवा पाय गुडघ्यापासून ताठ, गाडीच्या तळाशी रुतवून ठेवलेला.

"अण्णा, पाय उचला."

"का?"

"उचला तर."

त्यांनी उचलला. चावी चालूच होती. मागच्या सीटखाली पंप घरघरू लागला.

"आता दाबा."

"काय दाबू?"

"ब्रेक."

"माझ्या बाजूला कुठं आलाय ब्रेक?"

"नाही ना? मग रोज काय दाबता?"

मेकॅनिकला हसू आवरेना. अण्णांनी पाय दाबला, घरघर बंद. उचलला, चालू. तिसऱ्यांदा पुन्हा दाबून बघितला, कारण कितीही झालं तरी ते वायरमन होते.

मॅट उचलली. खाली त्यांच्याच हातची वायर, कुठे सुरकुती नको म्हणून ताणून बसवलेली. वीतभर कमी पडली म्हणून दिलेला जोड नेमका त्यांच्या पायाखाली आला होता. पाय पडला की तो आतल्या आत सुटायचा, उचलला की चिकटायचा.

"काखेत कळसा ऐकलं होतं, अण्णा," मेकॅनिक म्हणाला, "तुमचा पायाखाली निघाला."

"थोडी ढिली सोडायला हवी होती," अण्णा पुटपुटले. त्यांना लाज वाटली. लेकीची नोकरी वाचली म्हणून जीव भांड्यातही पडला. आणि उद्यापासून तिच्या शेजारी बसायला काही कारण उरलं नाही, हेही त्याच वेळी कळलं.

मेकॅनिक पक्कड आणि वायरचं भेंडोळं घेऊन पुढे आला. अण्णांनी दोन्ही त्याच्या हातातून काढून घेतलं. तिथंच रस्त्याच्या कडेला, दार उघडं टाकून, त्यांनी नवी लांब वायर दाराच्या कडेनं नेली. एकही जोड न देता.

"बसा, घरी जाऊ," लेक म्हणाली.

अण्णांनी डिकीतून तिची चाकांची खुर्ची काढली. घडी घालून शेजारच्या सीटवर ठेवली आणि खुर्चीला पट्टा लावला.

"आम्ही येतो चालत. तू हो पुढे."

"एकटी?"

"मग उद्या कोण येणार आहे?"

तिनं आरसा नीट केला, तो आधीपासूनच नीट होता, आणि दांडा ओढला.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. तेवढ्यात आडव्या गल्लीतून एका ट्रकनं तोंड बाहेर काढलं. फुटपाथवर अण्णांचा उजवा पाय कचकन दाबला गेला. मेकॅनिकनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

गाडी हळू झाली. ट्रकला वाट दिली, वळणाचा दिवा लावला आणि न बंद पडता वळली.

मग अण्णांनी सावकाश पाय उचलला.