बत्तीस सरळ रेषा

"बत्तीस मुलं एकाच मापानं वाढतात होय? तुझा कोड चुकलाय," सरांनी मला सगळ्या वर्गासमोर सुनावलं. वेबसाइटवरचे आलेख बनवायला शिकत होते, त्यातला हा माझा शेवटचा प्रकल्प. माहिती आमच्याच गावच्या अंगणवाडीची, सेविका म्हणून आईनं रजिस्टरात लिहिलेली. प्रत्येक मुलाची एक रेषा; तिच्यावर कर्सर नेला की त्या मुलाचं त्या महिन्याचं वजन दिसायचं.

चार दिवस मी ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना. शेवटी चिडून लॅपटॉप आईपुढे नेऊन आदळला.

पट्टीनं आखल्यासारख्या त्या रेषा तिनं पाहिल्या. "तुझं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "वजनकाटा दोन वर्षांपासून मोडलाय. पाच अर्ज दिले. रकाना रिकामा दिसला की सुपरवायझर मॅडम मीटिंगमध्ये उभं करून झापतात. मग मी दर महिन्याला दोनशे ग्रॅम वाढवत गेले."

"आणि मुलं?" मी ओरडले. "त्यांचं काय?"

तिनं एका रेषेवर बोट टेकवलं. मी कर्सर तिथं नेला. अकरा किलो दोनशे.

"ही घोलपांची धाकटी. उचलली की हातांना कळतं, नऊसुद्धा भरायची नाही."

त्या आकड्याकडे ती बघत राहिली. मग तिचा आवाज चढला.

"सगळे आकडे काढ. कुठल्याही रेषेवर गेलं तरी एकच वाक्य दिसू दे, 'काटा मोडलेला आहे.' आणि खाली माझं पूर्ण नाव टाक."