मेंढपाळाच्या सिनेमाचा शेवट

“आता नाही बघवणार तो,” ऑपरेटर म्हणाले. “जुने सिनेमे आठवणीतच बरे असतात.”

लेकीने ऐकलं नाही. ऐकणारी असती तर आईवर गेली नसती. तिने टीव्हीला वायर जोडली, पडदे ओढले आणि नवऱ्याला सोफ्यावर सरकायला सांगितलं. हरवलेला सिनेमा कुठल्याशा गोदामात सापडला होता, कुणीतरी तो धुऊनपुसून लख्ख केला होता, आणि कळल्याबरोबर तिने तो आईबाबांसाठी मिळवला होता. याच सिनेमानंतर आईने बाबांना होकार दिला, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

ऑपरेटर ज्या थिएटरात सिनेमे दाखवायचे, तिथे आता फर्निचरचं दुकान होतं. गल्ली मात्र त्यांना अजून ऑपरेटरच म्हणायची. त्यांनी आधी रिमोट सापडत नाही असं करून पाहिलं, मग डोकं दुखतंय असं. बायकोने बाम आणून दिला आणि शेजारी बसली. तिच्या मांडीवर कुणाचा तरी सदरा होता, त्याला काजं करायची होती.

सिनेमा सुरू झाला. हिरवी टेकडी, मेंढ्या आणि कडक इस्त्रीच्या शर्टातला मेंढपाळ.

जावयाला हसू आवरेना. त्याचंही बरोबर होतं. नायक मेंढ्यांना असा हाकत होता, जणू पाहुण्यांना जेवायला बोलावतोय. नायिकेने डोक्यावर गवताचा भारा घेऊन चक्क एक गिरकी मारली.

“भाऱ्यात गवत आहे की कापूस?” जावयाने विचारलं, आणि लेकही हसली.

पण दुसरं गाणं लागलं आणि त्याच्या हातातला चहा निवायला लागला. त्या गाण्यात दोघं कुंपणाच्या दोन बाजूंनी नुसती चालत होती, एकमेकांकडे न बघता. बाकीच्या सिनेमाचं काय व्हायचं ते झालं होतं, पण ते कुंपण अजून तसंच होतं.

ऑपरेटरचं लक्ष गाण्यात नव्हतं. त्यांना पुढचं माहीत होतं.

त्या काळी बायको शिवणकाम करत नव्हती. बायकोही नव्हती. तिला दूरच्या शहरात नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली होती, आणि नेमकं तेव्हाच यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. ती हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी म्हणाली, रविवारी संध्याकाळी तुमचा सिनेमा बघायला येते, मग काय ते सांगते.

ऑपरेटरना सिनेमाचा शेवट पाठ होता. सिनेमातल्या मुलीलाही शहरात नोकरी लागते. तिची बस सुटते, वळणावर थांबते, ती उतरून शेतातून धावत येते आणि मेंढपाळाला मिठी मारते. इथे रीळ संपायचं. पुढच्या, शेवटच्या रिळात ती त्याची बासरी त्याच्या हातात परत देते आणि निघून जाते. मागे वळूनसुद्धा बघत नाही. लोक डोळे पुसत आणि लेखकाला शिव्या घालत बाहेर पडायचे.

त्या रविवारी ऑपरेटरनी शेवटचं रीळ डब्यातच ठेवलं. त्यातली ‘समाप्त’ची पट्टी तेवढी कापली आणि मिठीला चिकटवून टाकली. खाली टाळ्या पडल्या. त्यांनी आपल्या खोलीच्या झरोक्यातून पाहिलं, तर सगळं थिएटर पडद्याकडे बघत होतं आणि ती एकटी मान वळवून वर झरोक्याकडे. बाहेर भेटल्यावर म्हणाली, “मी नाही जात.”

मॅनेजरने खेळ लवकर संपवल्याबद्दल झापलं. सिनेमा लवकरच उतरला आणि पुन्हा कुठे लागलाच नाही. ऑपरेटर सुटले. म्हणजे लोकांपुरते सुटले. संसार चांगला झाला, पण शेजारच्या पोराची जखम बायकोने सफाईने बांधली की यांचा जीव कासावीस व्हायचा. ही नर्स व्हायची होती, आणि आपण लबाडीने तिला थांबवलं. सांगायचं धाडस कधी झालं नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं ते इतकी वर्षं मनात घेऊन जगले.

टीव्हीवर बस निघाली. बायकोने सुई सदऱ्यात खोचली, काम बाजूला ठेवलं आणि हातरुमाल काढला. बस अजून वळणावर पोचायची होती.

“आता उतरेल बघ,” लेक नवऱ्याला म्हणाली. “शेवट गोड आहे.”

मुलगी उतरली, धावली, मिठी झाली. लेकीने टाळी वाजवली. जावई चपला शोधायला वाकला. पण चित्र थांबेना. मुलीने बासरी मेंढपाळाच्या हातात ठेवली आणि ती बसकडे चालत गेली. धूळ उडाली, धूळ बसली, आणि मग ‘समाप्त’ आलं.

लेक आईकडे, मग बाबांकडे बघत राहिली. जावई हळूच म्हणाला, की बाकी काही असो, हा शेवट आजही तितकाच लागतो. मग दोघंही शहाण्यासारखी चहा करायला आत गेली.

ऑपरेटरनी मान वर केली नाही. “त्या दिवशी शेवटचं रीळ मी लावलंच नाही,” ते म्हणाले. “तू जाऊ नयेस म्हणून. तुला फसवलं मी.”

बायकोने डोळे टिपले, सदरा पुन्हा मांडीवर घेतला आणि सुई शोधली.

“शनिवारीच ताईबरोबर येऊन सगळा बघून गेले होते मी,” ती म्हणाली. “घरी जाऊन बॅगसुद्धा भरली. रविवारी आले होते ती तुम्हाला नाही म्हणून सांगायला.”