वजनाची जागा

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मुलगी वहीत गणित मांडत होती आणि शिंपी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कापड बेतत होता. फोन त्यानंच घेतला. "हो," म्हणाला, "येतो," म्हणाला, आणि कात्री कापडावर हळूच ठेवली, कुणी झोपलंय म्हणून ठेवावी तशी. मुलीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. त्याची बायको गेली होती. आदल्या संध्याकाळी तर तिनं दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली होती.

त्यानंतर ते टेबल बरेच दिवस रिकामंच होतं. आता मुलीची परीक्षा उद्यावर आली होती. ती पास झाली की औषधं द्यायचं लायसन मिळणार, नाहीतर त्याच दुकानात खोकी उचलत राहायचं. मागच्या खेपेला ती डोसच्या गणितांतच आपटली होती.

"बाबा, मी नाही बसत यंदा."

"बस तर खरी. मी वाचतो प्रश्न."

"तुम्हाला नाही जमायचं ते."

"वाचता येतं मला."

त्यानं चष्मा लावला आणि शाळेत धडा म्हणावा तसं एका सुरात वाचलं. "एका रुग्णाचे वजन सोळा किलो आहे. दर किलोला पंधरा मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे. सिरपच्या एका मिलीत चोवीस मिलिग्रॅम औषध आहे. किती मिली द्याल?"

मुलीनं मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. "शंभर."

शिंप्यानं मागची पानं चाळली. "इथं दहा दिलंय."

"परत एक शून्य जास्त." तिनं पेन टाकलं. "आई वाचायची तेव्हा यायचं मला."

आई तसं वाचायचीच नाही. हुकं लावता लावता, दातात दोरा धरून ती वजन विचारायची आणि त्या वजनाचा माणूस गल्लीतून शोधून आणायची. नव्वद किलो म्हटलं की कोपऱ्यावरचा बेकरीवाला. मुलीनं उत्तर काढलं की म्हणायची, "देशील त्याला एवढं? बघ जरा त्याच्या तोंडाकडे." अर्धी गल्ली तिनं या टेबलावर आजारी पाडली होती आणि बरी करून घरी पाठवली होती.

शिंप्यानं घसा साफ केला.

"सोळा किलो म्हणजे शेजारच्या वहिनींचा धाकटा. माप द्यायला जागेवर उभा राहत नाही तो. तापानं फणफणलाय."

मुलीनं टाकलेलं पेन उचललं.

"वहिनी दारात आल्यात. पायात चप्पल नाही. बोल लवकर, किती देतेस?"

मुलीनं आपल्याच उत्तराकडे पाहिलं. "बाबा, बाटलीच साठ मिलीची असते."

"मग? दुसरी फोडणार?"

तिला हसू फुटलं. हसता हसता तिनं नाक पुसलं आणि ते शून्य खोडलं. "दहा मिली."

"पाजताना धरायला दोघं लागतील. चल, पुढचा."

दुपारभर हे चाललं. बायकोला माणसं चटकन सुचायची, शिंप्याला ती मापानं आठवावी लागत. "कंबर चव्वेचाळीस, पाय आखूड... कोण गं तो?" "सायकलवाले काका." "हां, त्यांना दे." सायकलवाल्या काकांना एकदा जरा जास्तच मिळालं. शिंपी नुसता म्हणाला, "भला माणूस होता." मुलीनं ओरडून गणित पुन्हा केलं.

मग वहीचं पान उलटलं आणि ते गणित आलं. अर्धं मांडलेलं.

"हे कुठलं? पुस्तकात दिसत नाही."

"मी केलेलं. त्या दिवशीचं." मुलगी पानावरून हात फिरवत राहिली. "आई सगळ्यांना आजारी पाडते, गणितात स्वतः मात्र ठणठणीत. म्हटलं, एकदा हिची पाळी. संध्याकाळी भेटायला गेले की वजन विचारणार होते. खरं वजन."

"सांगितलं असतं तिनं?"

"पन्नास."

"कायम पन्नास," शिंपी म्हणाला. "काट्यावर डोळे मिटून चढायची. नर्सला म्हणायची, आकडा मोठ्यानं नको, नुसता लिहा."

दोघं हसले. मग मुलीनं विचारलं, "तुम्हाला माहीत असेल ना, बाबा?"

शिंप्याला तिचा खांदा माहीत होता, कंबर माहीत होती, बाहीची लांबी माहीत होती. इतक्या वर्षांत तिचा एकही कपडा त्यानं टेप लावून बेतला नव्हता. वजन त्याला कधी लागलंच नाही.

"दवाखान्याच्या कागदांवर असेल," मुलगी म्हणाली.

"ते आजारातलं. ते तिचं नव्हे."

त्यानं पुस्तक पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. "पुढचा घे. वजन सत्तर किलो. हा मी. जपून दे."

मुलगी पास झाली. आता ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि बाटली हातात देण्याआधी समोरच्याच्या तोंडाकडे एकदा नीट बघते. ते एक गणित तेवढं तसंच आहे. वजनाची जागा भरायची राहिली आहे.