पाचवी चौकट

"पाच म्हणजे अतिशय समाधानी, एक म्हणजे अजिबात नाही," नर्स मिरेयाने कागद पुढे केला. "घरी जायच्या आधी एवढं भरून द्या, मामिता."

या वॉर्डात चाळिशी ओलांडलेली प्रत्येक बाई मामिता, म्हणजे माउली, होती. नाव विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती.

झुनिल्दा कुरिवालचा चष्मा अँब्युलन्समध्येच हरवला होता, म्हणून पेन लेकीच्या हातात आलं. आयेलेन पहाटेच्या बसने खेड्यातून आली होती. येताना घेतलेली सोपाइपिया, तळलेली भोपळ्याची पुरी, तिने कागदात गुंडाळून तशीच मांडीवर ठेवली होती. फॉर्मवर ठळक छापलं होतं, नाव गुप्त राहील. त्याच्या खालीच नावाची आणि ओळखपत्राच्या नंबरची जागा होती.

पित्ताशयात खडे असले आणि वय पस्तीस ते एकोणपन्नास असलं, की ठरल्या दिवसांत ऑपरेशन करावंच लागतं, असा कायदा. झुनिल्दाचे खडे दिसले तेव्हा तिला पन्नास पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. तिला सांगितलं, यादीत नाव आहे, थांबा. ती दोन वर्षं थांबली. कळा यायच्या तेव्हा चुलीसमोर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. शेवटी पित्ताशय आतल्या आत सडलं. चार बारीक भोकांतून व्हायचं काम वीतभर चिरून झालं. एकोणीस दिवस खाटेवर गेले. बाहेर काढलेले खडे इस्पितळाने बाटलीत घालून तिला परत दिले होते, जणू बक्षीस.

"उपचाराचे सर्व पर्याय तुम्हाला समजावून सांगितले का?" आयेलेनने वाचलं.

"पाच."

"कुठले गं पर्याय? इथे थांबा, नाहीतर घरी जाऊन थांबा?"

शेजारच्या खाटेवरची बाई पोट धरून हसली. "हसवू नकोस पोरी, टाके उसवतील."

"पाच लिही," झुनिल्दा म्हणाली.

आयेलेनने फुली मारली.

"कितीवर मारलीस?"

"पाचवर."

"पाचवी चौकट कागदाच्या कडेला आहे. तुझा हात मधल्या रेघेपर्यंतसुद्धा गेला नाही. चष्मा गेलाय माझा, डोळे नाही."

आयेलेनचा आवाज चढला. "मेली असतीस तू. आणि या लोकांना शाबासकी द्यायची? आयुष्यभर हेच केलंस. डॉक्टरला अंडी नेऊन दिलीस, नर्सला कोंबडी दिलीस, आणि रांगेत मात्र शेवटी उभी राहिलीस. मी खरं तेच लिहिणार. त्या नर्सच्या नाकावर नेऊन आपटणार."

मिरेया तिसऱ्या खाटेपाशी दुसऱ्या कुणाला तरी मामिता म्हणत होती. ती ऐकणार नाही याची खात्री करून झुनिल्दाने लेकीच्या मांडीवरची सोपाइपिया उचलली. कागदाला तेल सुटलं होतं. एक घासही तोडलेला नव्हता.

"ही का नाही खाल्लीस?"

"भूक नाही."

"परवाही नव्हती. माझ्या वाढदिवसाच्या जेवणातही नव्हती. उजव्या कुशीवर निजणं तू कधीच सोडलंयस. बसमध्ये खड्डा आला की पोटावर हात जातो तुझा. मला सांगितलं नाहीस, माझं पोट आधीच फाटलंय म्हणून."

आयेलेनने मान खाली घातली.

"मलाही चीड येते. तुझ्याहून जास्त येते," झुनिल्दा म्हणाली. तिने बाटली घट्ट धरली होती. आतले खडे काचेवर वाजत होते. "पण पुढच्या महिन्यात तुला पस्तीस पूर्ण होतात आणि तुझ्या ऑपरेशनचा कागद याच नर्सच्या टेबलावरून पुढे जाणार आहे. नवा फॉर्म मागून आण. सगळ्या पाचवर मार."